सहा महिन्यांचे शेजारी

हस्ताचा पाऊस सरला आणि वर्षावासाची सांगता होणारी अश्विन पौर्णिमा जवळ आली, की घरोघरी वस्तूंना ऊन दाखवायला सुरुवात होते. गोधड्या, उशा, डाळींचे डबे, कोंदट झालेली पुस्तके, सारे काही परसात येऊन पडते. याच पंधरवड्यात परसात आणखी कोणीतरी येते, पण बहुतेक घरांत त्याची दखल घेतली जात नाही. हिमालयातून, मध्य आशियातून, थेट सायबेरियातून निघालेले पक्षी या दिवसांत आपल्या धुण्याच्या दगडाजवळ, शेवग्याच्या फांदीवर, कुंपणाच्या तारेवर उतरत असतात. त्यांना पाहायला अभयारण्यात जावे लागत नाही की दुर्बीण लागत नाही. सकाळी चहाचा कप हातात घेऊन दहा मिनिटे मागच्या दारात बसण्याची तयारी असली म्हणजे झाले.

सर्वांत आधी येतो तो धोबी. सप्टेंबरातच करडा धोबी दिसू लागतो आणि त्याच्या मागून पांढरा. चिमणीहून सडपातळ, शेपटी लांब, आणि ती शेपटी सारखी वरखाली चाललेली. मोरीचे पाणी सोडलेल्या बाजूला, अळूच्या आणि केळीच्या बुडाशी जी ओल असते, तिच्यावर तो तुरूतुरू चालतो. चिमणीसारखा टुणटुण उड्या मारत नाही, एक एक पाऊल टाकतो. मुलांना ओळख पटवून द्यायची तर हीच खूण सांगावी. करड्या धोब्याची पाठ राखाडी आणि शेपटीखालचा भाग पिवळा असतो. पांढऱ्याच्या अंगावर पांढरा, काळा आणि राखाडी असे तीनच रंग. वजन वीस ग्रॅमच्या आसपास. एवढासा जीव डोंगरावरचे पहिले थंड वारे सुटण्यापूर्वीच निघतो आणि आपल्या मोरीपाशी येऊन किडे वेचू लागतो.

आपल्या लोकांनी पक्ष्यांना दिलेली नावे पाहिली, तर अख्खे गाव उभे राहते. धोबी आहे, शिंपी आहे, सुतार आहे, तांबट आहे, खाटीक आहे, कोतवालही आहे. पण गावातल्या माणसाला त्याचे काम जन्माने चिकटवले गेले, तसे पक्ष्याचे काही नाही. पानथळीच्या काठी शेपटी हलवली म्हणून धोबी आणि पाने शिवून घरटे केले म्हणून शिंपी. नाव त्याच्या वागण्यावरून पडले आणि तेवढ्यापुरतेच राहिले.

धोब्यानंतर ऑक्टोबरात येतो थिरथिरा. परसातल्या पडक्या भिंतीवर किंवा विटांच्या ढिगावर एक काळपट पक्षी एकटाच बसलेला दिसतो. पोट आणि शेपटी विटकरी, बाकी अंग काळे. मादी मातकट रंगाची, पण शेपटी तिचीही विटकरीच. बसल्या जागी ती शेपटी थरथरत असते, म्हणूनच हे नाव. त्याच्या वीणीच्या जागा हिमालयाच्या उंच उघड्या उतारांवर, तिबेटात आणि मध्य आशियात आहेत. तिथे दगडधोंड्यांत राहायची सवय, म्हणून इथेही त्याला विटा, दगड आणि मोकळी माती आवडते. एकदा जागा ठरली की तो ती सहसा सोडत नाही, आणि दुसरा थिरथिरा आला तर त्याला हुसकावून लावतो.

कडुनिंबाच्या शेंड्याकडे कान दिलात, तर दिवसभर एक बारीक आवाज ऐकू येईल. तो पर्ण वटवट्याचा. वजन सात-आठ ग्रॅम, रंग पानासारखाच हिरवट, त्यामुळे दिसतो कमी आणि ऐकू जास्त येतो. झाडावरच्या बारीक अळ्या आणि किडे वेचण्याचे त्याचे काम सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालते. पेरूच्या झाडात लाल कंठाचा माशीमार असतो. शेपटी वर उचलली की तिच्या दोन्ही बाजूंचे पांढरे डाग दिसतात. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या माळेतल्या मण्यांसारख्या ओळीने बसतात.

येणारे येत असतात तेव्हाच जाणारेही निघतात. जूनमध्ये पावसाबरोबर आफ्रिकेकडून आलेला चातक या दिवसांत परतीच्या वाटेवर असतो. मध्य भारतात पावसाळ्यात पिल्ले वाढवून नवरंग दक्षिणेकडे जातो. जाताना कधी तो दमून एखाद्या शहरी परसातही उतरतो आणि पाचोळ्यात चोच खुपसून किडे शोधू लागतो. मैदानावर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर मुलांनी पाहिलेले असतात. हे चतुरही प्रवासी आहेत. मालदीवमध्ये राहून अभ्यास करणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडले, की ते भारतातून समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात. त्यांच्या मागोमाग नोव्हेंबरात अमूर ससाणा महाराष्ट्रावरून जातो आणि अरबी समुद्र न थांबता पार करतो. समुद्रावर त्याची शिदोरी हेच चतुर असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे.

हे सारे माणसाला सहज कळलेले नाही. ग्रीसचा ॲरिस्टॉटल केवढा मोठा विद्वान! पण त्याने लिहून ठेवले, की थिरथिऱ्याच्या जातकुळीतला पक्षी हिवाळ्यात रूप बदलून दुसराच पक्षी होतो. एक दिसेनासा होतो आणि दुसरा दिसू लागतो, एवढे त्याने पाहिले होते. मधले सारे अनुमान होते. मोठ्या माणसाने म्हटले म्हणून ते पुढे शेकडो वर्षे चालले. मग १८२२ मध्ये जर्मनीत एक करकोचा सापडला. त्याच्या मानेत आफ्रिकेतला भाला आरपार अडकलेला होता आणि तसाच तो उडत आला होता. त्या एका भाल्याने अनेक पोथ्यांचे काम केले. पुढे १८९९ मध्ये डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नावाच्या शाळामास्तरांनी मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली धातूची वाळी घालून त्यांना सोडले. असे पक्षी दुसरीकडे सापडू लागले तसे त्यांचे मार्ग कळू लागले. आपल्याकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. त्याचे एक कारण आरोग्याचे होते. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये एक नवा ताप आढळला होता. तो पसरवणाऱ्या गोचिडी पक्ष्यांबरोबर दूरदेशातून येतात की काय, हे जागतिक आरोग्य संघटनेला तपासायचे होते.

पक्षी का निघतात, याचे साधे उत्तर थंडी असे दिले जाते. खरे कारण पोटाचे आहे. बर्फ पडले की किडे संपतात आणि किड्यांवर जगणाऱ्याला तिथे राहणे अशक्य होते. पण किडे संपेपर्यंत थांबले तर प्रवासाला अंगात ताकद उरणार नाही. म्हणून निघण्याची वेळ पक्ष्याला दिवसाच्या लांबीवरून कळते. कॅनडात एडमंटन येथे विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात भर हिवाळ्यात पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना विजेच्या दिव्याने रोज थोडा थोडा मोठा दिवस दाखवला. बाहेर कडाक्याची थंडी असताना त्या पक्ष्यांच्या शरीरात वसंतातले बदल झाले. दिवस लहान होऊ लागले की पक्षी भरपूर खातात, अंगावर चरबी धरतात आणि एका रात्री निघतात.

रात्रीच, कारण लहान पक्षी बहुधा रात्री उडतात. हवा गार असते, ससाण्याचे भय कमी असते आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. वाट शोधायला सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व या तिन्हींचा आधार ते घेतात. अमेरिकेत स्टीफन एमलेन यांनी तारांगणाच्या घुमटाखाली पक्षी ठेवून दाखवून दिले, की घुमटावरचे तारे फिरवले तर पक्ष्यांची दिशाही फिरते. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की यंदाच जन्मलेला थिरथिरा पहिला प्रवास आईबापांशिवाय करतो. त्याला कोणी वाट दाखवलेली नसते. तरीही तो निघतो आणि पोहोचतो.

आपण या पक्ष्यांना ‘पाहुणे’ म्हणतो. वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात ‘विदेशी पाहुण्यांचे आगमन’ असा मथळा ठरलेला असतो. हिशेब करून पाहू. थिरथिरा ऑक्टोबरात येतो आणि मार्चच्या सुमारास जातो. म्हणजे जवळजवळ सहा महिने तो आपल्या भिंतीवर असतो. उरलेल्या सहांतले काही आठवडे जाण्या-येण्यात जातात. धोब्याचेही तसेच. पायात वाळे असलेले धोबी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच जागी सापडल्याच्या नोंदी आहेत. वर्षाचा निम्मा काळ जो इथे काढतो, ठरलेल्या जागी परत येतो आणि स्वतःचे अन्न स्वतः शोधतो, त्याला पाहुणा कसे म्हणावे? तो शेजारी आहे.

शब्दाने काय फरक पडतो, असे कोणी विचारील. फरक पडतो. पाहुण्याचे कौतुक दोन दिवस होते आणि मग तो कधी जाईल याची वाट पाहिली जाते. शेजाऱ्याचा मात्र जागेवर, पाण्यावर आणि वाटेवर वाटा असतो. मराठवाड्यातल्या वाचकांना हे अधिक सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या जोड्या घरदार बंद करून निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांचेही सहा महिने परक्या गावाच्या शिवारात, कोप्यांत जातात. पक्षी स्वभावाने निघतो. या माणसांना कोरडवाहू जमीन आणि मुकादमाची उचल निघायला लावते, त्यामुळे दोन्हींची बरोबरी करता येणार नाही. पण ज्या गावाने त्यांना सहा महिन्यांचे शेजारी मानले, तिथे त्यांच्या मुलांना शाळेत बसायला आणि बायांना पाणी भरायला मिळते. ज्या गावाने ‘बाहेरचे’ म्हटले, तिथे काय होते हे त्यांनाच विचारावे.

शेजारी म्हटला की भांडणही आले. भोरड्यांचे उदाहरण घ्या. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या या मैना पूर्व युरोप आणि मध्य आशियातून ऑगस्टपासूनच येऊ लागतात. ज्वारी दाणे धरू लागली की थव्यांनी शेतावर उतरतात. माळ्यावर उभे राहून गोफणीने त्यांना हाकलण्यात पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. शेतकऱ्याचा राग खोटा नाही. पण हीच भोरडी आपल्या वीणीच्या प्रदेशात टोळ खाऊन जगते. चीनच्या शिंजियांग भागात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून १९८० च्या दशकापासून माणसांनी तिच्यासाठी घरट्यांच्या जागा बांधून दिल्या. इथे ती वैरीण आणि तिथे मदतनीस. जाण्याआधी पळस आणि पांगारा फुलले की ती त्या फुलांवर जमते, म्हणून तिला पळसमैना हे दुसरे नावही आहे. एका अंगावरून कोणाची पारख करू नये, हे मुलांना समजावून सांगायला हा पक्षी चांगला आहे.

आता काळजीची गोष्ट. देशभरातल्या हजारो सामान्य निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ९४२ जातींचा त्यात विचार केला आहे. दूरवरून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची घट इथेच राहणाऱ्यांपेक्षा जास्त आहे, असे त्यातून दिसते. कारण समजणे अवघड नाही. इथल्या चिमणीला एकच घर सांभाळायचे असते. स्थलांतर करणाऱ्याला दोन घरे आणि मधल्या दहा मुक्कामांच्या जागा शाबूत लागतात. त्यांतली एक तुटली तरी वर्ष फुकट जाते. राजस्थानातल्या भरतपूरला येणारे सायबेरियन क्रौंच असेच कमी कमी होत गेले. २००२ नंतर ते तिथे आलेच नाहीत.

उलट बाजूचाही एक दाखला आहे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाकाठी पांगती नावाचे गाव आहे. आफ्रिकेकडे निघालेले अमूर ससाणे तिथे लाखांनी विसावतात. २०१२ मध्ये जाळी लावून त्यांची प्रचंड शिकार झाली. त्या एका हंगामात लाखाच्या वर पक्षी मारले गेल्याचा अंदाज आहे. चित्रे जगभर गेली आणि गावाची नाचक्की झाली. पण पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, गावकऱ्यांनी शिकारीवर बंदी घातली आणि जाळी गुंडाळली. त्या हंगामात तिथे शिकार झाली नाही. ज्यांची जाळी होती तेच राखण करू लागले. त्याच वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रे बसवली गेली. त्यांतल्या एकाचे नाव ‘पांगती’ ठेवले होते. तो आफ्रिकेपर्यंत जाऊन २०१४ मध्ये पुन्हा त्याच परिसरात परतला. गावाने मनावर घेतले, तर एका वर्षात एवढे घडू शकते.

आपल्या हातात जलाशय नाही, पण परस आहे. आणि परसावर सध्या मोठे संकट आहे ते फरशीचे. घराला चार पैसे बरे मिळू लागले की आपण सर्वांत आधी मागची माती झाकून टाकतो. चिखल नको आणि झाडलोट सोपी व्हावी, हे कारण बाईमाणसाच्या दृष्टीने अगदी खरे आहे. पण संपूर्ण परस झाकण्याची गरज नसते. चालण्यापुरती फरशी घालावी आणि मोरीच्या पाण्याकडेला हात-दोन हात रुंद माती मोकळी ठेवावी. अळू, केळ, कर्दळ तिथेच लावावी. धोब्याला तेवढी ओल पुरते आणि घराला वडीची पाने मिळतात.

डासांचे काय, हा प्रश्न लगेच येईल आणि तो रास्तच आहे. डास साचलेल्या पाण्यात होतात, ओलसर मातीत होत नाहीत. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आरोग्यसेवक आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात तो याचसाठी. म्हणून डबकी बुजवावीत, करवंट्या आणि जुने टायर फेकावेत. पक्ष्यांसाठी ठेवलेले पसरट भांडे रोज रिकामे करून, घासून पुन्हा भरावे. भांडे उथळ असावे आणि बोटाच्या दोन पेरांहून जास्त पाणी त्यात नसावे.

पाचोळा जाळू नये. तो झाडाच्या बुडाशी लोटावा, म्हणजे किडेही राहतात आणि खतही होते. पानांवर कीटकनाशक फवारण्याआधी वटवट्याला त्याचे काम करायला चार दिवस द्यावेत. मांजर घरचे असेल तर पहाटे त्याला आत ठेवावे, कारण रात्रभर उडून आलेला पक्षी त्या वेळी दमलेला असतो. परसातला दिवा कामापुरताच लावावा. मुलांच्या हातात गलोल दिसली तर ती काढून घ्यावी आणि तिच्या जागी वही द्यावी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि पक्षी मारणे हा गुन्हा आहे, हेही त्यांना सांगावे.

ज्यांना परस नाही, चाळीत किंवा दोन खोल्यांच्या घरात जे राहतात, त्यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये. धोबी पाण्याच्या टाकीजवळच्या ओलीवरही उतरतो. थिरथिऱ्याला अर्धवट बांधलेली भिंत चालते. वटवट्या रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबावर असतोच. समाजमंदिराचे आणि विहाराचे आवार तर सर्वांचेच परस आहे. तिथला एखादा कोपरा कोबा न घालता मातीचा ठेवावा, असा ठराव एका बैठकीत होऊ शकतो.

शेवटी वहीबद्दल. शाळेची जुनी वही घ्या, तिची कोरी पाने पुरतील. एका बाजूला पक्ष्याचे नाव लिहा. नाव ठाऊक नसेल तर रंग, शेपटी आणि चाल यांचे वर्णन लिहा. समोर तो पहिल्यांदा दिसल्याची तारीख आणि जागा लिहा. घरातल्या आजी-आजोबांना विचारून त्यांच्या भागातले नावही लिहून ठेवा, कारण अशी नावे छापील पुस्तकांत फारशी सापडत नाहीत. तारीख अंदाजाने लिहू नका, ज्या दिवशी पाहिला त्याच दिवशी लिहा. पान मात्र अर्धे मोकळे सोडा. मार्चमध्ये एका सकाळी भिंत रिकामी दिसेल, तेव्हा थिरथिरा शेवटचा कधी दिसला होता ती तारीख तिथे लिहायची आहे. आणि त्याखाली पुढच्या ऑक्टोबरची.